उंटकटाऱ्याचं कूळ

"माई, माळावर ही फक्की कुणी मारली?"

जिऊमाईंनी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवणं चाललं होतं, आणि त्या वयात ते काम म्हणजे अर्धा जपच.

"कसली फक्की?"

"पांढरी. चुन्याची. मला आधी वाटलं दहिवर पडलंय... मग वाटलं पाखरांनी घाण केलीय. पण ती सरळ आहे, माई. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टी लावल्यासारखी."

"सरळ हाय? मग तात्यानं मारली आसंल," माई म्हणाल्या. "सरळ बोलनं त्याला जमत न्हाई, पर रेघ सरळ मारतो."

आश्लेषा हसली नाही.

तशी ती साध्यासुध्या आवाजानं दचकणारी पोरगी. ताटावर वाटी आपटली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. कॉलेजात तोंडी परीक्षेला सगळी उत्तरं येत असून घसा बसलेला. पण आज सकाळी त्या रेघेपाशी उभी असताना तिला भीती वाटली नव्हती. राग आला होता. कुणाचा, ते अजून कळायचं होतं.

त्या माळावर सरळ असं कधी काही नव्हतंच. पायवाट वाकडी, ओघळ वाकडे, बाभळी तर विचारूच नका. ढग तिथवर यायचे, खाली डोकावायचे आणि पुढच्या तालुक्यात जाऊन पडायचे. आसपासची माणसं थट्टेनं त्याला 'आमचं वाळवंट' म्हणत.

त्या वाळवंटात दिवाळी सरली की उंटकटारा फुलायचा. मांडीपासून कमरेपर्यंत काटेरी झाडं, आणि फांदीफांदीच्या टोकावर एकेक गोल, निळसर पांढरा चेंडू. चेंडूलाही काटे. टेकाडावरच्या मठात मूळपुरुषाची समाधी होती. तिच्यावर दुसरं फूल चढत नसे.

आश्लेषा पहिल्यांदा इथे आली ती या फुलासाठी. प्रबंध लिहायला. या प्रजातीचे भाऊबंद अरबस्तानापासून गोबीपर्यंत पसरलेले, कुठल्या कुठल्या वाळूत तग धरून राहिलेले, आणि त्यांतला एक आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर... याचंच तिला अप्रूप. प्रबंध झाला, पदवी मिळाली. तरी सुट्टी मिळाली की ती येतच राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मठाच्या गादीवर जिऊमाई होत्या, पण त्या काही शिकवत नसत. कुणी उपदेश मागितला तर म्हणत, "आधी च्या घे."

पहिल्या भेटीत तिनंच माईंना शिकवलं होतं. एक चेंडू हातात धरून, बोटाला काटा टोचून घेत.

"हे एक फूल नाही, माई. शेकडो फुलं आहेत एका चेंडूत. आणि प्रत्येकाला आपापलं कुंपण."

"भांडत न्हाईत?"

"कोण?"

"येवढी जनं. येका घरात."

"फुलं कशी भांडतील?"

"कुंपन हाय म्हनून," माई म्हणाल्या होत्या आणि चहा ओतला होता.

तेव्हा तिला त्या बोलण्याची गंमत वाटली होती. आज तो सुईदोरा पाहून डोकं फिरलं.

"कशासाठी मारलीय फक्की?"

"जत्रंच्या गाड्या लावायच्यात. औंदा लई येनार म्हनं."

"आणि उंटकटारा?"

माईंनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. डोळे बारीक केले...

"घुसंना बघ," त्या म्हणाल्या.

"माई!"

"ऐकतीया."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही गप्प बसलात!"

"मला कुनी इचारलं न्हाई."

"मी विचारतेय."

"तू इचारतीयास. तोडनारा इचारंना."

"तुमच्या एका शब्दानं थांबेल सगळं. गादीवर तुम्ही आहात."

माईंनी बसल्या जागी खाली चाचपून पाहिलं.

"ही वाकळ हाय," त्या म्हणाल्या.

आश्लेषाला रडूच यायचं बाकी होतं. इतके दिवस ही बाई आपल्याला शांत वाटली. शांत कसली? हिला कशाचं काही नाहीच! फूल उमललं काय, उपटलं काय, हिची सुई चाललीय.

खाली रस्त्यावर भोंगा वाजला आणि ती मठाच्या पायरीवरून पडता पडता राहिली.

पिवळं जेसीबी माळाकडे वळत होतं.

* * *

दिनकरतात्या रेघेच्या अलीकडे उभे होते. डोक्यावर टोपी, हातात फक्कीचं घमेलं. तात्या मठाचे कारभारी. त्याआधी उभी हयात तलाठी म्हणून गेलेली. नोकरी सुटली होती, पण कागदावर बोट ठेवल्यासारखं बोलणं सुटलं नव्हतं.

"या, मॅडम, या. बाजूला उभ्या राहा. धूळ उडेल."

"तात्या, हे थांबवा."

"काय थांबवू?"

"हे सगळं उपटून काढणार तुम्ही?"

"उपटणार कशाला? मशीन एका दमात साफ करतं." तात्यांनी कौतुकानं जेसीबीकडे पाहिलं. "मागल्या जत्रेला किती जणांच्या पायांत काटे भरले, ठाऊक आहे? गाड्यांची चाकं पंक्चर झाली. लोक मठाला शिव्या घालत गेले. माईंना नाही, मला!"

"आणि समाधीवर काय वाहणार?"

"झेंडू. झेंडूत वाईट काय आहे? देखणा असतो, स्वस्त असतो, आणि टोचत नाही."

"टोचत नाही म्हणून?"

"देवाला तरी कशाला टोचायचं?"

जेसीबीवरचा बिरू ड्रायव्हर खो खो हसला. इंजिन धडधडत होतं. आश्लेषाचा आवाज त्यात बुडत होता, म्हणून ती ओरडून बोलू लागली. ओरडायची सवय नसली की माणूस किंचाळतं. तसंच झालं.

"हे साधं तण नाही, तात्या! मठ नव्हता तेव्हापासून हे या माळावर आहे. तुमच्या आधी, माईंच्या आधी, मूळपुरुषांच्याही आधी. याचं कूळ..."

"काय?"

"याचं कूळ केवढं मोठं आहे, माहिती आहे तुम्हाला?"

तात्यांच्या हातातलं घमेलं कलंडलं.

"बिरू, मशीन बंद कर," ते म्हणाले.

इंजिन थांबलं. माळावर एकदम सामसूम झाली.

"काय म्हणालात? कूळ?"

"हो. कूळ."

"या जमिनीला कूळ आहे?"

"आहेच. सूर्यफुलाचं."

"सूर्यफूल..." तात्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे सूर्यफुलाचं पीक घेत होता? कधी? मी स्वतः पाहणी केलीय. माळ पडीक आहे. सातबाऱ्यावर मालक मठ, इतर हक्कांत कुणाचं नाव नाही. कोण कूळ? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? मी अभ्यास केलाय त्याचा."

"अभ्यास!"

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. ज्या माणसानं जन्मभर कुळांची भांडणं निस्तरली, त्याच्या कानात हा शब्द म्हणजे गरम शिसं. कूळ म्हणजे जमीन कसणारा. आणि एकदा कूळ लागलं की त्याला उठवणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमत नाही.

आश्लेषाच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. तिच्या पुस्तकात कूळ म्हणजे झाडाफुलांचं घराणं. तिला वाटलं, शेवटी पटलं यांना!

"आता कळलं ना?" ती म्हणाली.

"कळलं," तात्या म्हणाले. "बिरू, मशीन चालू कर. आत्ताच्या आत्ता. ते कूळ हजर व्हायच्या आत माळ मोकळा झाला पाहिजे."

"अहो, पण..."

"न्हाई जमायचं, तात्या," बिरू वरून म्हणाला. तो आता हसत नव्हता. "मागं एका गावात असंच म्हनले, घाल मशीन, कोन न्हाई. घातलं. कूळ निघालं तिथं. मालक राहिला घरी आनि कोर्टात खेटं घातलं म्या. आधी माईंना इचारा."

"माईंना काय कळतंय त्यातलं?"

"मग चावी काढतो."

आणि त्यानं खरंच चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली.

* * *

टेकाड चढताना तात्या पुढे, मागे बिरू, सगळ्यांत मागे आश्लेषा. एव्हाना तिला घोटाळा उमगला होता. तात्यांना थांबवून सांगावं, की मी फुलांबद्दल बोलत होते... पण सांगितलं तर मशीन सुरू. नाही सांगितलं तर आपण खोटारडे. तिनं जन्मात कधी मास्तरांपुढेही खोटं सांगितलं नव्हतं.

माई तशाच बसल्या होत्या. दोरा ओवून झाला होता.

"माई, ही पोरगी म्हणते माळाला कूळ लागलंय!"

"लागलंय खरं," माई म्हणाल्या.

तात्या मटकन खाली बसले.

आश्लेषाचे कान तापले. आपण निदान चुकून बोललो. ही तर जाणूनबुजून! ती पुढे झाली.

"नाही, तात्या. मी उंटकटाऱ्याबद्दल बोलत होते. वनस्पतींची कुळं असतात, तसं. माणूस नाही कुणी. माई तुमची थट्टा करतायत."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माईंकडे. मग जे हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं बये! झाड होय! झाड कूळ! अन् मी मेलो इकडे..." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "चल रे, बिरू. उठ."

"तात्या," माई म्हणाल्या.

"काय?"

"मी थट्टा कुटं केली?"

तात्यांचं हसू अर्धवट राहिलं.

"ऱ्हातोय का न्हाई त्यो माळावर? पिढ्यान् पिढ्या? वहिवाट हाय का न्हाई?"

"माई, झाड आहे ते."

"तू तलाठी हुतास. कुळाला उठवायच्या आधी काय करत्यात?"

"नोटीस देतात."

"आनि तारखंला?"

तात्या वैतागले, पण जुन्या सवयीनं तोंडून उत्तर गेलंच. "पुकारा करतात. दारात उभं राहून नाव पुकारायचं, कुळाचं अन् मालकाचंही. हजर असला तर म्हणणं ऐकायचं. गैरहजर असला तर एकतर्फी निकाल."

"झाला पुकारा?"

"कुणाचा? काट्यांचा?"

"काट्या नावाचं कूळ हाय?"

बिरू गालात हसला. तात्यांनी हात जोडले.

"बरं. तुमच्या मनासारखं होऊ दे. जत्रेच्या तोंडावर गादीचा शब्द मोडला म्हणायला नको. करू पुकारा. कूळ गैरहजर. निकाल एकतर्फी. मग तरी मशीन चालेल ना रे, बिरू?"

"पुकारा झाला तर चालंल. माझ्यावर न्हाई मग."

"झालं तर. काय नाव म्हणालात त्याचं?"

माईंनी सुईच्या टोकानं आश्लेषाकडे दाखवलं.

"नाव तिला येतंय. ती करंल."

आश्लेषाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मी?"

"तूच."

"मी पुकारा करू? म्हणजे मी नाव घ्यायचं, कुणी बोलणार नाही, आणि यांनी म्हणायचं गैरहजर? म्हणजे निकाल मीच द्यायचा?"

"न्हाई घेतलंस तर?"

"नाव नाही, तर कूळच नाही," तात्या उठत म्हणाले. "चावी लाव, बिरू."

आश्लेषा माईंकडे वळली. रागानं.

"तुम्ही यांच्या बाजूच्या आहात," ती माईंना म्हणाली. इतकं उघड ती कुणाला कधी बोलली नव्हती. "इतके दिवस वाटत होतं, तुम्ही काही बोलत नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार. काही नव्हतं! तुम्हाला फक्त भांडायचं नसतं. आणि आज मला शिपाई केलंत. त्यांचा शिपाई!"

माईंनी वाकळीला टाका घातला. दोरा ओढला...

"मोठ्यानं पुकार," त्या म्हणाल्या. "माळ मोठा हाय."

* * *

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. मंडप बांधणारे गडी काम टाकून रेघेपाशी जमले. बिरू जेसीबीवर चढला, पण चावी लावली नव्हती. तात्या एका धोंड्यावर पंचासारखे बसले.

"हां. होऊ द्या, मॅडम."

समोर माळ पसरला होता. सकाळचं ऊन आता चांगलं वर आलं होतं, आणि हजारो चेंडू काठ्यांवर ताठ उभे होते. चेंडू वरून खाली उमलत जातो. पुष्कळांच्या नुसत्या शेंड्यावर चारदोन निळी फुलं उघडली होती. बाकीची अजून मिटलेली. या सगळ्यांना अजून उमलायचं होतं.

आश्लेषानं तोंड उघडलं. घशातून वारा निघाला नुसता.

"ऐकू न्हाई आलं!" मागून एक गडी.

"उंटकटारा..."

"आगं पोरी, शेजारच्या घरात बाळ झोपलंय व्हय?"

हशा पिकला. तिनं मागे टेकाडाकडे पाहिलं. पायरीवर वाकळ होती. वाकळीत सुई खोवलेली उन्हात चमकत होती. माई नव्हत्या.

उठून गेल्या!

बघवणार नाही म्हणून असेल. की कंटाळा आला म्हणून? म्हणजे मला इथे यांच्या तोंडी देऊन ही बाई आत चहा टाकायला गेली? तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढचं निळं पांढरं सगळं एक झालं.

"उंटकटाराऽऽ!"

पायाजवळून टिटवी ओरडत उडाली. आश्लेषा स्वतःच दचकून मागे सरली आणि गडी पुन्हा हसले.

कुणी ओ दिली नाही. कोण देणार?

"झालं?" तात्यांनी विचारलं. "लिहू गैरहजर?"

"नाही झालं."

"एकदा पुकारलंत ना?"

"पूर्ण नाव नाही घेतलं मी! तुमच्या कचेरीत अर्ध्या नावानं पुकारतात?"

तात्यांनी मान हलवली. गड्यांनीही.

आश्लेषा रेघेच्या पलीकडे गेली. चप्पल फक्कीवरून गेली आणि ती सरळ रेघ एका जागी पुसली. काटे सलवारीला ओढत होते. ती थांबली, दोन्ही मुठी आवळल्या, आणि छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं बाहेर काढलं.

"उंटकटाराऽऽ! कूळ सूर्यफुलाचं! राहणार मठाखालचा माळऽऽ! भाऊबंद अरबस्तानात, भाऊबंद गोबीतऽऽ! इथला कधीपासूनचा ते कुणाला ठाऊक नाही, कुणी विचारलं नाही! हजर आहे काऽऽ?"

आवाज माळावरून गेला. पलीकडच्या बाभळींना लागला असेल नसेल.

...

वाऱ्यानं चेंडू थोडे हलले.

बिरूनं खिशातून चावी काढली. पण लावली नाही, हातातच धरून बसला.

"मॅडम," तात्या जरा हळू आवाजात म्हणाले, "कोण बोलणार, सांगा बरं? तुम्ही शिकलेल्या."

ती वळली नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचीही तिला लाज वाटत नव्हती. गैरहजर कसे? हे काय समोर उभे आहेत! हजारोंनी! यांना दिसत नाहीत का? बोलता येत नाही म्हणून गैरहजर?

"हजर आहे काऽऽ?" ती पुन्हा ओरडली. आता ते पुकारणं नव्हतंच, भांडण होतं. "अहो, हजर आहे का कुणीऽऽ?"

"ओऽऽ!"

गडी एकदम मागे सरकले. एकानं तर छातीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं.

आश्लेषा मात्र दचकली नाही.

माळाच्या पार आत, काटे दाट होते तिथे, झाडं हलली. त्या हलण्यातून आधी पांढरं डोकं वर आलं. मग लुगड्याचा पदर, ठिकठिकाणी काट्यांना अडकलेला. हात ओरबाडलेले. जिऊमाई गुडघ्यावर हात टेकून, दम खात खात उभ्या राहिल्या. आजूबाजूचे चेंडू त्यांच्या कमरेला लागत होते.

"हजर हाय," त्या म्हणाल्या. "आता मालकाचा पुकारा करा."